हिरव्या इमारतीतला पश्चिमेचा फ्लॅट

आमच्या सोसायटीत माणसांना नावं कमी, नंबर जास्त. मी ४०२. पोरंटोरं मला टीचर म्हणतात, कारण हायर सेकंडरीत फिजिक्स शिकवण्यात माझा जन्म गेला आणि त्यांच्यातल्या काहींचे आईबाप माझ्या वर्गात बसून गेलेत. कमिटीच्या वहीत मात्र मी '४०२, खजिनदार'. इथेही सगळ्यांना नंबरानेच बोलावते, म्हणजे उद्या लिफ्टमध्ये कुणी तोंड फिरवायला नको.

इमारत गोव्यात, पणजीजवळच्या पर्वरीच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, हायवेपासून थोडी आत. स्टिल्टवर सात मजले. मुंबईचा पाहुणा याला हायराईज म्हटलं की हसतो, पण नॅशनल बिल्डिंग कोडच्या हिशेबात १५ मीटर आणि त्याहून उंच ती हायराईज, त्यामुळे आम्ही त्यात बसतो. लॉबीत शिरल्यावर डाव्या हाताला 'ग्रीन बिल्डिंग' असल्याची चकचकीत पाटी. कुठल्या संस्थेची ते सांगत नाही, कारण माझं भांडण संस्थेशी नाही. बिल्डरशीही नाही. माहितीपत्रकात जे जे लिहिलं होतं ते ते खरंच आहे: हलक्या एएसी ब्लॉकच्या (सच्छिद्र काँक्रीटच्या मोठ्या विटांच्या) भिंती, ऊन अडवणारी काच, जिन्यात एलईडी, गच्चीवर गरम पाण्याचे सोलर, सांडपाणी शुद्ध करणारा एसटीपी, पावसाचं पाणी जिरवायला खड्डे. कागद चोख आहेत.

तरी उन्हाळ्याचं बिल आलं की ७०३ मला जिन्यात गाठतात. "टीचर, मीटर पळतोय. तुमचे विद्यार्थी वीज खात्यात असतील ना कुणी, जरा बघा." मीटर तपासून झालाय, तो ठीक आहे. त्यांचा फ्लॅट आणि आमचा फ्लॅट नकाशावर जुळे भाऊ: तेवढंच चटईक्षेत्र, दोन बेडरूम, घरात तेवढीच माणसं, दोन्हीकडे एक म्हातारं माणूस दिवसभर घरात. युनिटं मात्र त्यांची आमच्या दुपटीच्या पुढे. त्यात आपल्याकडे घरगुती दर शंभर-शंभर युनिटांच्या टप्प्यांनी चढतो आणि ४०० च्या वर सगळ्यात महाग टप्पा लागतो, म्हणून रुपयांत तो फरक आणखी बोचतो. शेजारच्या महाराष्ट्रापेक्षा गोव्यात वीज स्वस्त, म्हणून आपण ती मोजून वापरत नाही. खरं तर राज्याचं स्वतःचं मोठं वीजकेंद्र नाही. बहुतेक सगळी वीज बाहेरून ग्रिडवरून येते.

तर एकाच पाटीखालच्या दोन घरांत एवढा फरक कसा? मी खूप डोकं खाजवलं, लोकांच्या घरात थर्मामीटर घेऊन शिरले, आणि आता माझं मत पक्कं झालंय. आपल्या हवेत फ्लॅटचं सुख दोन गोष्टींवर ठरतं: उन्हं कुठल्या भिंतीवर पडतात, आणि आत आलेल्या वाऱ्याला बाहेर पडायला वाट आहे का. बाकी सगळं नंतर.

आधी उन्हाचं. गोव्यात सूर्यास्ताला भाव आहे. एजंट गिऱ्हाईक आणतो तो डिसेंबरात, संध्याकाळी सहाला. आकाश लाल, वारा गार, बाल्कनीत उभं राहिलं की कुणालाही वाटावं, घेऊन टाकू. ७०३ ने असाच घेतला, आणि पश्चिमेचा म्हणून वरचे पैसे मोजून घेतला. आमचा आग्नेयेकडे तोंड असलेला, त्याला कुणी विचारत नव्हतं.

पणजी साधारण साडेपंधरा अक्षांशावर आहे. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो; मधल्या काळात तो दुपारी थोडा उत्तरेकडेच असतो. डोक्यावरचा सूर्य गच्चीला भाजतो, भिंतीला फारसा नाही. दक्षिणेच्या खिडकीवर दीड फुटाचा छज्जा असला की भागतं. पश्चिमेला तोच छज्जा शोभेचा. मेच्या सुरुवातीला साडेचार वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२ अंशांवर उतरलेला असतो. दीड फुटाच्या छज्जाची सावली तेव्हा एक फूटसुद्धा खाली येत नाही, आणि साडेपाचला ती अर्ध्या फुटावर येते. उरलेली अख्खी काच उन्हात. ऊन अडवणारी काच काही भाग परतवते हे खरं, पण जे आत आलं ते आलं. आतून कितीही जाड पडदा लावा, ऊन काच ओलांडून पडद्यावर पडलं म्हणजे ते घरातच पडलं.

आता भिंत. ही गोष्ट मी लोकांना हात लावून दाखवते. एप्रिलमध्ये रात्री साडेआठ-नऊला ७०३ च्या पश्चिमेच्या बेडरूममध्ये दिवा न लावता भिंतीवरून तळवा फिरवा. डावीकडून सुरुवात केली की भिंत कोमट, साधी. हात सरकत कोपऱ्याकडे गेला की एका ठिकाणी, अगदी रेघ मारावी तसा, गरमपणा सुरू होतो. तिथे ब्लॉक संपला आणि काँक्रीटचा कॉलम लागला. एएसी ब्लॉकमध्ये हवेची असंख्य बारीक छिद्रं, म्हणून तो उष्णतेला अडवतो. सळ्यांचं काँक्रीट तिला वाट देतं. पलंगाची उशी नेमकी त्या कोपऱ्यात. सहा इंची काँक्रीटमधून उष्णता आत यायला तीन-चार तास लागतात, म्हणजे संध्याकाळी साडेचार-पाचचं ऊन माणूस झोपायला येतो त्याच वेळी आत पोचतं. बाहेर वारा सुटलेला असतो, बाहेर खुर्ची टाकून बसलेला वॉचमन शर्टाचं वरचं बटण लावतो, आणि ७०३ एसी १८ वर नेतात. त्यांच्या डोक्यावर गच्चीसुद्धा आहे, ते वेगळंच. हल्ली ज्या इमारती अॅल्युमिनियमच्या साच्यात अख्ख्याच्या अख्ख्या काँक्रीटने ओततात, तिथे तर सगळी भिंतच कॉलम. काम झटपट होतं, भिंती सरळ येतात, पण पश्चिमेच्या खोलीत झोपणाऱ्याचं काय, ते कुणी विचारत नाही.

तापमान एवढंच असतं तर गोष्ट सोपी होती. पुण्या-सोलापूरचा माणूस इथल्या मेमधला ३३ अंशांचा आकडा वाचून म्हणतो, एवढंच? त्याला इथे आणून बसवा. घाम येतो आणि सुकत नाही. हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम तिच्यात जायला जागा नाही. म्हणून आपल्याकडे माणसाला आधी हवी असते हलणारी हवा. साधा पंखा अंगावर सेकंदाला मीटरभर वेगाने वारा सोडतो तेव्हा खोलीचं तापमान तेच असूनही माणसाला दोन-तीन अंश कमी वाटतं. वीज किती? जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० च्या. आमच्याकडचे चारही बदलले. दिवसाला बारा तास चालतात असं धरलं तर महिन्याला साठ-पासष्ट युनिटं वाचतात. सासूबाईंना फक्त एक तक्रार, रिमोटची बटणं फार बारीक आहेत.

एसी हवा गार करतो त्याबरोबर सुकवतोही, आणि इथे तो वीज खातो कुठे हे बघायचं असेल तर त्याच्या नळीखाली बादली ठेवा. उकाड्याच्या रात्री सकाळपर्यंत दहा लिटर पाणी सहज जमतं. एक लिटर वाफेचं पाणी करायचं तर तिच्यातली जवळजवळ पाऊण युनिट उष्णता काढावी लागते. एसी एका युनिटात तीन-साडेतीन युनिट उष्णता बाहेर फेकतो असं धरलं, तर त्या बादलीवर गेली दोन युनिटं. फक्त हवा कोरडी करण्यावर. आता समजा बाल्कनीचा स्लायडिंग दरवाजा नीट बसत नाही आणि फटीतून रात्रभर ओली हवा आत येतेय. बादली लवकर भरते. ७०३ च्या मुलाला मी हा प्रयोग सांगितला, त्याने तो शाळेच्या प्रकल्पात घातला. बापाला मात्र तो फारसा रुचला नाही.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. पर्वरीच्या सड्यावर वाऱ्याला तोटा नाही. दुपारी समुद्राकडून येतो, रात्री उशिरा जमिनीकडून उलटा वाहतो, हे गोव्यातल्या कुठल्याही रापणकाराला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराला, विचारा. पण वारा खिडकीतून आत यायचा तर त्याला दुसरीकडून जायला भोक हवं. आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर मधून पॅसेज आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फ्लॅट. पॅसेजच्या टोकाला सुंदर, उंच, कायमची बंद काच. फ्लॅटचं मुख्य दार बंद. म्हणजे ७०३ ला खिडक्या आहेत त्या सगळ्या एकाच अंगाला. समोरून वारा येऊन काचेवर थापा मारतो, आत पडदा हलत नाही. आमचा फ्लॅट कोपऱ्यावर, दोन दिशांना खिडक्या, म्हणून आम्ही सुटलो. यात आमची हुशारी काही नाही, स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला फ्लॅट.

त्यात स्लायडिंग खिडक्या. दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी कितीही मोठी असो, उघडते अर्धीच, कारण एक पल्ला दुसऱ्यामागे जाऊन उभा राहतो. तीन पल्ल्यांची दोन तृतीयांश उघडते. बिजागरीची, आपल्या जुन्या पद्धतीची, जवळजवळ पूर्ण. ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली, तिच्यात हा हिशेब मांडलाय. उष्ण आणि दमट पट्ट्यात, म्हणजे आपल्यात, घराच्या चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश, एवढी उघडणारी जागा हवी असं ती म्हणते. आठशे फुटांच्या घराला सव्वाशे-दीडशे फुटांच्या मधलं काहीतरी. बाल्कनीचं दार त्यात मोजलं जातं. पण उघडणारी जागा आणि प्रत्यक्षात उघडी राहणारी जागा यांत फार अंतर आहे. डासांची जाळी लावली की वारा बराच मरतो, आणि जाळी न लावून चालत नाही, डेंग्यूची भीती आहे. हायवेवर उड्डाणपुलाचं काम सुरू झालं तेव्हापासून त्या बाजूच्या फ्लॅटांनी धुळीपायी खिडक्या बंदच ठेवल्या. २०१ ची सून म्हणाली, "काकी, वारा हवा की फरशी पुसत बसू?" नियमावलीत याला रकाना नाही.

संहितेतली दुसरी एक गोष्ट मला शिक्षिका म्हणून आवडली आणि रहिवासी म्हणून खटकली. भिंती, काचा, छज्जे यांतून घरात किती उष्णता येते याचा एक आकडा काढतात, आरईटीव्ही. तो चौरस मीटरला १५ वॉटच्या वर जाता कामा नये. पूर्व-पश्चिमेच्या भिंतींना जास्त भार धरतात, गच्चीचा हिशेब वेगळा. सगळं रीतसर. पण तो आकडा निघतो अख्ख्या इमारतीचा. परीक्षेत वर्गाची सरासरी ६२ आली म्हणजे मागच्या बाकावरचा पास झाला असं होत नाही. उत्तरेच्या थंड फ्लॅटांच्या जिवावर पश्चिमेचा तापलेला फ्लॅट कागदावर पार पडतो. बिल मात्र मीटरागणिक येतं. मला विचाराल तर फ्लॅट विकताना त्या त्या फ्लॅटचा आकडा दारावर चिकटवायला लावावा. पश्चिमेचा भाव मग बघू किती राहतो.

याचा अर्थ जुनी घरं चांगली आणि फ्लॅट वाईट असं मी म्हणत नाही. माझं माहेर डिचोलीकडचं, चिऱ्यांचं घर, मंगळुरी कौलं, मधे राजांगण, पुढे पडवी. मेमध्ये दुपारी पडवीत चटई टाकली की झोप लागायची हे खरं. पण मधल्या खोलीत दुपारी बाराला दिवा लागायचा हेही खरं. पावसाळ्याआधी चुडतांची मल्लां, म्हणजे माडाच्या झावळ्यांचे झाप, विणून भिंतींना बांधायची, कौलं चाळायची, वाळवी बघायची. हे सगळं कोण करायचं? आई आणि दोन कामाच्या बायका. त्या घराचा 'मेंटेनन्स' कुणी कधी मोजला नाही, म्हणून ते फुकटात थंड वाटतं. मला फ्लॅटच बरा. फक्त जुन्या घरातली एक युक्ती फ्लॅटात यायला हवी होती: भिंतीच्या आणि उन्हाच्या मधे एक सावलीची पट्टी. पडवी म्हणा, बाल्कांव म्हणा.

उंच इमारतीत ती आणता येते हे चार्ल्स कोरियांनी मुंबईत दाखवलंय. मूळ गोव्याच्या घराण्यातले. मांडवीकाठची आपली कला अकादमी त्यांचीच. मुंबईतली कांचनजुंगा १९८३ ची, २८ मजली. तिथेही हाच पेच होता: पश्चिमेला समुद्र, वारा, देखावा, आणि पश्चिमेलाच दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा. त्यांनी फ्लॅटांना कोपऱ्यावर दोन मजली उंचीचे खोल व्हरांडे दिले, घर आत ओढून घेतलं. श्रीमंतांची इमारत होती, जागा सोडणं परवडलं, हे मान्य. आमच्याकडे बाल्कनी चार फुटांची. पण चार फूट सावली म्हणजे काही कमी नाही. दीड फुटाच्या छज्जापेक्षा पुष्कळ.

आणि इथेच खरी गंमत आहे. ७०३ ने ती चार फुटांची सावली स्वतःच्या हाताने बंद केली. ताबा मिळाल्यावर पहिल्याच पावसाळ्यानंतर बाल्कनीला जमिनीपासून वरपर्यंत स्लायडिंग काचा लावल्या आणि हॉल तेवढा वाढवला. साधी पारदर्शक काच. ऊन आत येतं, सोफ्याला-फरशीला तापवतं, तापलेल्या सोफ्याची उष्णता काचेतून परत जात नाही. दोन वाजता मी तिथे थर्मामीटर ठेवला तर बाहेरच्या सावलीपेक्षा तिथलं तापमान पाच अंशांनी जास्त. इमारतीचे सगळे ग्रीन मार्क बाल्कनी उघडी आहे असं धरून मिळालेले. सात मजल्यांत आता उघड्या बाल्कन्या किती उरल्यात ते बाहेर उभं राहून बघा.

पण मी ७०३ च्या वहिनींच्या जागी असते तर काय केलं असतं? पणजीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, आणि तो येतो पश्चिमेकडून, आडवा. सातव्या मजल्यावर तर तो खालून वरसुद्धा येतो. हॉलमध्ये पाणी, सोफा ओला, दाराची चौकट फुगलेली. कपडे कुठे वाळवायचे? जुलैमध्ये जीन्स तीन दिवस ओली राहते आणि मग तिला वास येतो. चवथीला पाहुणे यायचे, घरात दोऱ्या बांधलेल्या. कबुतरांचं तर नावच काढू नका. आमच्या माहितीपत्रकात झाडं होती, सायकली होती, बाल्कनीत कॉफी पिणारं जोडपं होतं. वाळत घातलेला एक टॉवेलही नव्हता. गोव्यात इमारत काढणाऱ्याने पहिला प्रश्न कपड्यांचा सोडवावा, मग माणसं काचा लावायच्या बंद होतील. वारा खेळणारी, पाऊस न लागणारी, दोन माणसं उभी राहतील एवढी जागा प्रत्येक फ्लॅटला. त्याला गुण किती मिळतात मला ठाऊक नाही, मी दिले असते दहापैकी दहा.

खिडक्या बंद, ओले कपडे आत, स्वयंपाकाची वाफ आत. ऑगस्टपर्यंत कपाटाच्या मागे बुरशी धरते. चपला हिरव्या, पुस्तकांना पांढरा थर. मग पावसाळ्यात गारवा असूनही एसी लागतो, 'ड्राय' वर, कपडे आणि कपाटं सुकवायला. उन्हाळ्याचं बिल सगळ्यांना दिसतं. पावसाळ्यातली ही वीज कुणाच्या लक्षातच येत नाही. आम्ही कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवली आणि त्या फटीकडे एक टेबलफॅन तोंड करून ठेवला. दिसायला वाईट दिसतं. बुरशी धरत नाही.

एसीच्या आकड्याबद्दल थोडं. जानेवारी २०२० पासून नवे एसी चालू करताना आपोआप २४ वर येतात, तसा नियमच आहे. एक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असं केंद्र सरकारचं ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी सांगतं. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१४ च्या सुमारास भारतीय ऑफिसांतल्या माणसांना विचारून एक गणित बसवलं. खिडक्या उघड्या ठेवणाऱ्या इमारतीत बाहेरची सरासरी २९ अंश असेल तर आत साडेअठ्ठावीसलाही माणसं आरामात असतात. मी हे सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. ३०४ ने लिहिलं, "टीचर, त्या ऑफिसात रात्री झोपायचं नसतं ना." मुद्दा बरोबर होता. आमच्याकडे एसी २७ वर आणि पंखा दोनवर, सासूबाईंना पांघरूण लागतं. ७०३ ला २७ सांगितलं तर त्यांना जमत नाही, आणि ते खोटं बोलत नाहीत: भिंतच ३४ ची असेल तर हवा २७ ची करून उपयोग नाही, भिंतीची धग अंगाला लागतच राहते. त्यांचं सुख त्यांच्या रिमोटवर नाही.

आता सामायिक बिलाचं, कारण खजिनदार म्हणून मला शिव्या त्याच्याच पडतात. सगळ्यांना वाटतं लिफ्ट आणि पाण्याचा पंप वीज खातात. पंपाचं गणित फळ्यावर करण्याइतकं सोपं आहे. माणशी १३५ लिटर धरले तर चौघांच्या घराला ५४०. अठ्ठावीस फ्लॅटांना रोज पंधरा हजार लिटर. पंचवीस मीटर वर चढवायचे, पंप निम्मी वीज वाया घालवतो असं धरलं तरी रोजची दोनच युनिटं. लिफ्ट त्याहून जास्त, पण घाबरण्यासारखी नाही. खरा खादाड म्हणजे एसटीपीचा ब्लोअर, सांडपाण्यात हवा सोडणारा. दोन हॉर्सपॉवरचा, दिवसाला अठरा तास: सत्तावीस युनिटं. ग्रीन असल्याची खूण म्हणून जे यंत्र बसवलं तेच सगळ्यात जास्त वीज ओढतं. ते बंद करता येत नाही, आत जिवाणू मरतात आणि मग वासाने अख्खी इमारत हैराण होते. आणि बंद करूही नये. मैला ओहोळात सोडण्यापेक्षा सत्तावीस युनिटं परवडली. पण माहितीपत्रकात हे लिहायला हवं होतं.

सोलरच्या गरम पाण्याचीही एक कथा. टाक्या गच्चीवर, ७०३ ला नळ सोडला की गरम. दुसऱ्या मजल्यावर आधी सहा मजल्यांच्या पाइपातलं थंड पाणी बादलीभर वाहून जावं लागतं, म्हणून खालच्या सगळ्यांनी गिझर बसवलेत. ७०३ ला गच्चीचा हा एवढाच फायदा. गच्चीवर उरलेल्या जागेत सोलर पॅनल लावायचा विचार चाललाय. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे अठरा हजारांचं अनुदान आहे; किलोवॅटला दहा चौरस मीटर जागा लागते आणि दिवसाला चारेक युनिटं मिळतात, पावसात बरीच कमी. पॅनल उंच सांगाड्यावर बसवले तर खालच्या स्लॅबला सावली मिळेल. ७०३ ने वर्गणीला सगळ्यात आधी हात वर केला, आणि त्यांचा हेतू मी ओळखून आहे.

बाकी दोन गोष्टी झाल्या. पॅसेजच्या टोकाची कायमची काच काढून तिथे लुव्हर, म्हणजे तिरप्या पट्ट्यांची झडप, बसवले, आधी आगीच्या नियमांच्या जाणकाराला दाखवून. आता मुख्य दार उघडं आणि जाळीचं सेफ्टी डोअर लावून ठेवलं की वारा आरपार जातो. ४०१ कडे बांगडे तळले की आम्हाला आमटीभात खाताना त्रास होतो, तो सोसतोय. दुसरी गोष्ट पश्चिमेच्या बाल्कन्यांची. काचा काढायला कुणी तयार नाही, जोर करण्यात अर्थ नाही. म्हणून काचेच्या बाहेरून गुंडाळून वर घेता येणारे जाड, जाळीदार पडदे लावायचे, दुपारी दोनला खाली, साडेसहाला वर. ऊन काचेला लागायच्या आधी अडलं पाहिजे, एवढाच त्यातला मुद्दा. इमारतीचं दर्शन बिघडतं म्हणून दोन सभा भांडणात गेल्या. शेवटी सगळ्यांचा रंग एकच असावा या अटीवर ठराव झाला.

७०३ चा पडदा मार्चमध्ये लागला. मेमधलं त्यांचं बिल पुन्हा माझ्याकडे आलं, या वेळी हसत. ४०० चा टप्पा अजून ओलांडतात, पण थोडक्यात. गच्ची बाकी आहे, तो कॉलमही आहे तिथेच, उशी मात्र त्यांनी पलंगाच्या दुसऱ्या टोकाला नेली. आता २०३ चा अर्ज आलाय. त्यांच्याकडे पश्चिम नाही, उन्हाचा त्रास नाही, तरी त्यांना तसाच पडदा हवाय. कारण विचारलं तर म्हणे, रंग छान आहे. पुढच्या रविवारच्या सभेत विषय क्रमांक चार.